ताप उतरला तरी श्वासाकडे आणि पोटऱ्यांकडे लक्ष असू द्या

कोविडच्या लाटांमध्ये घराघरात सगळं लक्ष दोन आकड्यांवर असायचं, ताप किती आणि ऑक्सिजन किती. ताप उतरला, ऑक्सिजन ९५च्या वर टिकला की माणसं निर्धास्त व्हायची. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही होतं. पण काही रुग्ण आठव्या-दहाव्या दिवशी, काही तर रुग्णालयातून घरी परतल्यावर पंधरवड्याने, बाथरूमपर्यंत चालत गेले आणि एकाएकी धाप लागून खाली बसले. त्यांचा न्यूमोनिया वाढलेला नव्हता. फुफ्फुसाकडे रक्त नेणाऱ्या धमनीत गुठळी जाऊन अडकली होती.

डॉक्टर याला पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. बऱ्याचदा ही गुठळी पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत तयार होते, तिथून सुटते, हृदयाच्या उजव्या कप्प्यांतून वाहत जाते आणि फुफ्फुसाच्या धमनीत अडकते. तिच्या पलीकडच्या भागात हवा पोचते, पण रक्त पोचत नाही. श्वास चालू असूनही ऑक्सिजन रक्तात उतरत नाही आणि अडथळ्याविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकत जाते. गुठळी मोठी असेल तर रक्तदाब कोसळून काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. लहान असेल तर नुसती धाप लागते आणि ‘आजारपणाचा अशक्तपणा आहे, होईल बरं’ म्हणून ती सोडून दिली जाते. मला जास्त काळजी या दुसऱ्या प्रकाराची वाटते, कारण मोठ्या गुठळीच्या आधी कधी कधी लहान गुठळी इशारा देऊन गेलेली असते.

विषाणूंच्या साथी पुन्हा येणारच. गंभीर इन्फ्लुएंझातही गुठळीचा धोका वाढतो. त्यामुळे कोविडने जे शिकवलं ते विसरून चालणार नाही. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं असं की, गुठळीचा संशय रुग्णात अचानक झालेल्या बदलावरून घ्यायचा असतो, कुठल्याशा पॅकेजमधल्या रक्ततपासणीच्या आकड्यावरून नव्हे.

रक्त शिरेत का गोठतं, याची तीन कारणं एकोणिसाव्या शतकातले जर्मन डॉक्टर रुडॉल्फ विर्चो यांच्या नावाने ओळखली जातात: रक्ताचा वेग मंदावणं, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. कोविडमध्ये तिन्ही एकत्र येतात. रुग्ण दिवसेंदिवस अंथरुणाला खिळतो, पाणी कमी पितो, आणि तुंबलेल्या पाटात गाळ बसावा तसं पायांतलं रक्त रेंगाळतं. विषाणूमुळे रक्तवाहिन्यांच्या अस्तराला सूज येते. शरीराचा दाह भडकला की फायब्रिनोजेनसारखे रक्त गोठवणारे घटकही वाढतात. मे २०२० मध्ये हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी कोविडने दगावलेल्या पहिल्या १२ रुग्णांच्या शवविच्छेदनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांपैकी ७ जणांच्या खोल शिरांमध्ये गुठळ्या सापडल्या, ज्यांचा जिवंतपणी संशयही आला नव्हता. ४ जणांचा मृत्यू थेट फुफ्फुसातल्या गुठळीने झाला होता. सगळ्याच गुठळ्या पायातून येतात असंही नाही. कोविडमध्ये सुजलेल्या फुफ्फुसातच, केसासारख्या बारीक वाहिन्यांमध्येही त्या तयार होतात. म्हणून पाय अगदी ठीक दिसत असले तरी फुफ्फुसात गुठळी नसेलच, असं म्हणता येत नाही.

काय दिसलं की थांबायचं नाही

न्यूमोनियाची धाप सहसा दिवसादिवसाने वाढते. गुठळीची धाप बऱ्याचदा अचानक लागते. सकाळी नीट बोलणारा माणूस दुपारी एक वाक्य पुरं करताना थांबतो. छातीत एका बाजूला, खोल श्वास घेतला की सुई टोचल्यासारखं दुखतं. ताप नसताना, नुसतं बसलेलं असताना नाडी १००-११०च्या वर राहते. थुंकीत रक्ताची रेघ दिसते. उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते किंवा माणूस चक्कर येऊन पडतो. यांपैकी एकच खूण असली तरी पुरे, सगळ्या जमण्याची वाट पाहू नका. आणि ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय म्हणून गप्प बसू नका. लहान किंवा मध्यम गुठळीत, विशेषतः तरुण माणसाचा ऑक्सिजन सुरुवातीला चांगला दिसू शकतो. नाडीचा आकडा त्याच यंत्रावर शेजारीच असतो, तोही वाचायची सवय लावून घ्या.

६ मिनिटं चालण्याची चाचणी कोविडकाळात सगळ्यांना माहीत झाली होती. चालल्यावर ऑक्सिजन ९४च्या खाली गेला किंवा आधीपेक्षा ३ अंकांहून अधिक उतरला तर डॉक्टरांना कळवायचं. ही चाचणी स्थिर रुग्णासाठी आहे. ज्याला नुकतीच धाप लागली आहे, छातीत दुखतंय किंवा चक्कर आली आहे, त्याला खात्री करून घेण्यासाठी मुळीच चालवू नका.

आता पाय. दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर कारण बहुधा दुसरं असतं. एकच पोटरी सुजली, कडक लागते, गरम वाटते, दाबल्यावर दुखते, तर मात्र लक्ष द्या. घरात शिंप्याची टेप असेल तर रुग्णाला पाय सैल सोडून बसवा. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथून १० सेंटिमीटर खाली पेनाने खूण करा आणि टेप न आवळता पोटरीचा घेर मोजा. दुसऱ्या पायावर तेवढ्याच अंतरावर मोजा. ३ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि पायाची डॉपलर सोनोग्राफी करावी का, ते विचारा.

इथे आपल्या घरांमधली एक सवय कळकळीने थांबवावीशी वाटते. पोटरी दुखते म्हटलं की आई, बायको किंवा सून तेलाची वाटी घेऊन बसते आणि पाय रगडून देते. माया असते त्यात. पण त्या शिरेत ताजी गुठळी असेल तर रगडण्याने ती सुटून वर जाण्याची भीती असते. आजारपणात किंवा त्यानंतरच्या काही आठवड्यांत एकाच पायाला सूज किंवा दुखणं असेल तर चेपणं, रगडणं, मालीश, काहीही नको. आधी तपासणी.

अचानक धाप किंवा छातीत दुखणं सुरू झालं तर १०८ला फोन करा किंवा जवळच्या, ऑक्सिजन आणि आयसीयूची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. स्कूटरवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. वाटेत रक्तदाब कोसळला तर सावरता येत नाही. जिना असेल तर रुग्णाला चालत उतरवू नका, खुर्चीत बसवून उतरवा. सोबत डिस्चार्ज कार्ड आणि चालू गोळ्यांची पाकिटं घ्या. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की कोविड होऊन इतके दिवस झाले आणि धाप आज इतक्या वाजता, एकाएकी सुरू झाली. ‘तीन-चार दिवसांपासून बरं नाही’ असं मोघम सांगितलं तर गर्दीच्या कॅज्युअल्टीत गुठळीचा विचार मागे पडतो.

डी-डायमरचा कागद

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत डी-डायमर हा शब्द घरोघरी पोचला. लॅबच्या पॅकेजमध्ये तो असायचा, रिपोर्टवर जाड अक्षरात यायचा आणि त्या रात्री घरात कुणाला झोप यायची नाही. ही तपासणी नेमकं काय सांगते, ते समजून घेतलं तर निम्मी भीती जाईल.

शरीरात गुठळी तयार झाली की ती विरघळवण्याचं कामही सुरू होतं, आणि त्या विरघळण्यातून सुटणारे तुकडे म्हणजे डी-डायमर. पण ते फक्त पायातल्या किंवा फुफ्फुसातल्या मोठ्या गुठळीतूनच येतात असं नाही. कुठलाही मोठा जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, गरोदरपण, कर्करोग, वाढतं वय, या सगळ्यांत तो वाढतो. कोविडमध्ये तर गुठळी नसतानाही वाढतो. म्हणून वाढलेला डी-डायमर म्हणजे गुठळी, हे समीकरण चूक आहे. त्याचा खरा उपयोग उलट बाजूने आहे. लक्षणांवरून संशय कमी असेल आणि डी-डायमरही कमी आला, तर गुठळी नाही असं डॉक्टर बऱ्याच खात्रीने म्हणू शकतात.

रिपोर्ट हातात आला की आधी एकक पाहा. काही लॅब ०.५ लिहितात, काही ५०० लिहितात, आणि दोन्ही एकच असू शकतात. एक मायक्रोग्रॅममध्ये, दुसरं नॅनोग्रॅममध्ये. शिवाय मोजण्याच्या दोन पद्धती आहेत आणि एकीचा आकडा दुसरीच्या साधारण दुप्पट येतो. म्हणजे सोमवारी एका लॅबमध्ये ४०० आणि गुरुवारी दुसरीत ८०० आला, तरी रक्तात काहीच बदललेलं नसेल. पन्नाशीनंतर नेहमीची ५०० ही मर्यादा तशीच लावत नाहीत. वयाला १०ने गुणून येणारा आकडा मर्यादा धरला जातो, म्हणजे ७० वर्षांच्या आजींसाठी ७००. हे गणित ज्या पद्धतीत नेहमीची मर्यादा ५०० नॅनोग्रॅम असते तिच्यासाठीच आहे, म्हणून ते डॉक्टरांना करू द्या. घरी बरा होत असलेल्या, लक्षणं नसलेल्या माणसाचा डी-डायमर दर चार दिवसांनी करत राहू नका. त्यातून उपचार ठरत नाहीत, भीती मात्र वाढते. आणि त्या भीतीपोटी मेडिकलमधून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणल्या जातात.

दुसरा गैरसमज एचआरसीटीचा, म्हणजे छातीच्या सीटी स्कॅनचा. २५ पैकी स्कोअर किती, हा त्या वर्षी ओळखीपाळखीतला पहिला प्रश्न असायचा. एचआरसीटी न्यूमोनियाने फुफ्फुसाचा किती भाग व्यापला ते दाखवतो. त्यात शिरेतून रंगद्रव्य सोडत नाहीत, त्यामुळे धमनीतली गुठळी त्यात दिसत नाही. ‘सीटी केला होता, त्यात काही नव्हतं’ हे गुठळीच्या बाबतीत उत्तर होत नाही. त्यासाठी रंगद्रव्य देऊन केलेली सीटी पल्मनरी अँजिओग्राफी लागते. तिच्याआधी मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन पाहिलं जातं. मूत्रपिंडाचा त्रास, आयोडीनयुक्त रंगद्रव्याची आधी आलेली ॲलर्जी, मधुमेहासाठी चालू असलेलं मेटफॉर्मिन आणि गरोदरपण, हे न विचारताही सांगा. रुग्ण इतका अस्थिर असेल की त्याला सीटीपर्यंत नेता येत नाही, तेव्हा डॉक्टर खाटेजवळच टूडी इको करून हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आहे का ते बघतात, पायांची डॉपलर करतात आणि संशय दाट असेल तर स्कॅनची वाट न पाहता उपचार सुरू करतात. ‘तपासणी न करताच इंजेक्शन दिलं’ म्हणून तिथे नातेवाइकांनी वाद घालू नये. त्या घडीला तेच शहाणपणाचं असतं.

हेपॅरिन कुणाला, किती

महासाथीच्या सुरुवातीला जगभरचे डॉक्टर रक्त पातळ करणाऱ्या हेपॅरिनची मात्रा अंदाजाने ठरवत होते. पुढे मोठ्या चाचण्या झाल्या आणि चित्र बरंच स्पष्ट झालं. रुग्णालयात दाखल झालेल्या बहुतेक प्रौढ रुग्णांना, रक्तस्रावाचा धोका नसेल तर, गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनची प्रतिबंधक मात्रा दिली जाते. उदाहरणार्थ एनॉक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, पोटाच्या कातडीखाली. गुठळी झालेली असेल तेव्हाची उपचाराची मात्रा वेगळी असते, किलोमागे १ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, आणि मूत्रपिंड कमजोर असेल तर कमी. २०२१ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झालेल्या बहुदेशीय चाचण्यांतून दिसलं की, दाखल असलेल्या पण आयसीयूतल्या आधाराची गरज न पडलेल्या रुग्णांना गुठळी नसतानाही मोठी मात्रा दिल्याने फायदा झाला. अतिगंभीर रुग्णांना मात्र त्याने फायदा झाला नाही. म्हणून शेजारच्या खाटेवर दिवसाला दोन इंजेक्शनं आणि आपल्या माणसाला एकच, याचा अर्थ हयगय असा नसतो.

ॲस्पिरिनबद्दल स्पष्ट सांगायला हवं. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत दाखल झालेल्या सुमारे १५,००० रुग्णांवर ते तपासलं गेलं आणि मृत्यू कमी झाले नाहीत, रक्तस्राव मात्र थोडे वाढले. घरीच बरे होणाऱ्या सौम्य रुग्णांवर अमेरिकेत ॲस्पिरिन आणि अपिक्साबॅन तपासलं, तर मुळात गुठळ्यांचं प्रमाणच इतकं कमी निघालं की चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली. म्हणून सौम्य आजारात, घरी, ‘खबरदारी’ म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घेऊ नका. हृदयाच्या किंवा जुन्या आजारासाठी ती आधीपासून चालू असेल तर मनाने बंदही करू नका.

घरी करण्यासारखं मात्र बरंच आहे. पुरेसं पाणी प्या, जागेपणी दर तासाला उठून खोलीतल्या खोलीत फेऱ्या मारा. उठणं शक्य नसेल तर घोटे वर-खाली करा, पावलं गोल फिरवा. ऑक्सिजनसाठी पालथं झोपवलेल्या रुग्णाचे पायही मधून मधून हलते ठेवा.

बायकांसाठी एक वेगळी सूचना. घरात पूजा आहे, गणपती आहेत, म्हणून पाळी लांबवायच्या गोळ्या घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. यात वापरल्या जाणाऱ्या नॉरएथिस्टेरॉनच्या मोठ्या मात्रेचा काही अंश शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका वाढतो. कोविडच्या काळात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत त्या मेडिकलमधून थेट आणून घेऊ नयेत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांनी तर आजार सौम्य वाटला तरी पहिल्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

घरी आल्यावरचे महिने

स्वीडनमध्ये कोविड झालेल्या १० लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा फुफ्फुसातल्या गुठळीचा वाढलेला धोका ११० दिवसांपर्यंत टिकलेला दिसला. म्हणजे रुग्णालयाचा दरवाजा ओलांडला की विषय संपला, असं होत नाही. आजार गंभीर होता, पूर्वी गुठळी झाली होती, कर्करोग आहे, हालचाल मंद आहे, अशा रुग्णांनी घरी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं, की पुढे काही दिवस प्रतिबंधक गोळी हवी का. ब्राझीलमध्ये अशा निवडक जोखमीच्या रुग्णांना ३५ दिवस रिव्हरोक्साबॅन १० मिलिग्रॅम दिल्याने फायदा झाला होता. हे सरसकट सगळ्यांसाठी नाही.

काहींना इंजेक्शन घरीच घ्यावं लागतं. बेंबीपासून चार-पाच सेंटिमीटर दूर, डावी-उजवी बाजू रोज बदलत. भरून आलेल्या सिरिंजमध्ये हवेचा एक बुडबुडा असतो. पूर्ण मात्रा घ्यायची असेल तर तो काढायला जाऊ नका, औषध वाया जातं. चिमटीत कातडीची घडी धरा, सुई सरळ उभी घाला, औषध सावकाश सोडा, सुई निघेपर्यंत घडी सोडू नका. नंतर चोळू नका, चोळलं की निळा डाग मोठा होतो. छोटा डाग पडणं चालतं. सुपारीएवढी कडक गाठ वाढत चालली तर दाखवा.

गुठळी झालेल्यांना गोळ्या किमान ३ महिने असतात. रिव्हरोक्साबॅनची उपचाराची मात्रा साधारण पहिले २१ दिवस दिवसातून दोनदा १५ मिलिग्रॅम आणि मग एकदा २० मिलिग्रॅम असते, आणि ती जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही. बदल २१ दिवसांनी आहे हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. एकच औषध वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या नावांनी मिळतं. डिस्चार्ज कार्डावर एक नाव, फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दुसरं, आणि रुग्ण दोन्ही घेतोय, असं व्हायला वेळ लागत नाही. पाकिटावरचं मूळ औषधाचं नाव ताडून पाहा. वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल असेल तर आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा तपासणीचा आकडा) बहुधा २ ते ३ मध्ये राखावा लागतो. त्यात पालक, मेथी, अळू बंद करायची गरज नसते, आठवड्याला जितकं खाता तितकंच खात राहा, एकदम वाढवू किंवा सोडू नका.

या काळात अंग दुखलं तर डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल चालते. दवाखान्यात ‘एक सुई द्या, लवकर बरं वाटेल’ हा हट्ट सोडा. रक्त पातळ असताना कमरेत दिलेल्या इंजेक्शनने स्नायूत मोठा रक्तस्राव होऊ शकतो. दात काढायचा असेल तर दंतवैद्याला आधी सांगा. पुन्हा कोविड होऊन त्यावरचं पॅक्सलोव्हिड हे औषध सुरू करायची वेळ आली तर त्यातल्या रिटोनाव्हिरमुळे रिव्हरोक्साबॅन आणि अपिक्साबॅनची रक्तातली पातळी वाढते, हे डॉक्टरांना लक्षात आणून द्या. काढा, लसणाच्या किंवा हळदीच्या कॅप्सूल चालू असतील तर त्याही सांगा, लपवू नका. काळी डांबरासारखी शौचास होणं, लघवीत रक्त, न थांबणारं नाकातलं रक्त, डोक्याला मार लागणं किंवा कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, अशा वेळी पुढचा डोस घेण्याआधी रुग्णालय गाठा. बाकी वेळी एकही डोस चुकवू नका. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून महिन्याभरात गोळ्या सोडणाऱ्यांना गुठळी पुन्हा होण्याची भीती मोठी असते. एखादा डोस विसरलाच तर दुसऱ्या दिवशी मनाने दुप्पट घेऊ नका, डॉक्टरांना फोन करा.

तीन महिन्यांनी गोळ्या थांबवायच्या की पुढे चालू ठेवायच्या, हे त्या भेटीत ठरतं, म्हणून ती भेट टाळू नका. तोपर्यंतही जिना चढताना पूर्वी नव्हती इतकी धाप लागत असेल तर टूडी इको करून घ्या. थोड्या रुग्णांमध्ये गुठळी पूर्ण विरघळत नाही, धमनीच्या भिंतीला घट्ट चिकटून राहते आणि फुफ्फुसातला रक्तदाब कायमचा वाढतो. त्याचं निदान मोठ्या रुग्णालयात व्हेंटिलेशन-परफ्युजन स्कॅनने होतं, आणि त्यावर शस्त्रक्रिया, फुग्याने धमनी रुंद करणं आणि औषधं असे उपाय उपलब्ध आहेत.